खबर कोण देणार, औषध कुणाला मिळणार



संयोजकांनी मला ‘जागतिक आरोग्याचं भवितव्य’ असा विषय दिला आहे. एवढा ऐसपैस विषय मिळाला की बोलणारा जिनिव्हा-वॉशिंग्टनकडे बघत बोलत राहतो आणि समोरची मंडळी घड्याळाकडे बघत राहतात. म्हणून मी जवळून, मुंबईतल्या मांडवीपासून सुरुवात करतो.

साल १८९६, महिना सप्टेंबर. गोदामांच्या त्या दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे डॉक्टर ताप आणि गाठी आलेले रुग्ण तपासत होते. हा प्लेग आहे असं निदान त्यांनी केलं आणि ते चारचौघांत सांगितलंही. पालिकेचे अधिकारी आधी आढेवेढे घेत होते. संशयास्पद ताप आहे, एवढंच म्हणत होते. त्यांची अडचण समजण्यासारखी होती. प्लेगचं नाव उच्चारलं की बंदर अडचणीत, आणि बंदर अडचणीत म्हणजे मुंबईच अडचणीत.

पुढे झालंही तसंच. फेब्रुवारी १८९७ मध्ये युरोपातल्या सत्तांचे प्रतिनिधी व्हेनिसला जमले ते मुंबईच्या प्लेगवर बोलायला. मांडवीतली माणसं कशी वाचवायची, यावर तिथे फारसं कुणी बोललं नाही. मुंबईहून निघालेली जहाजं कुठे थोपवायची, हजच्या यात्रेकरूंचं काय करायचं, कुठला माल उतरवू द्यायचा आणि कुठला नाही, यावर खल झाला. परिषद भरण्याच्या काही दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, इथल्या सरकारने साथरोग कायदा घाईघाईने संमत केला होता. रोग आटोक्यात आणणं हा हेतू होताच, पण आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही हे युरोपच्या बंदरांना दाखवणंही तितकंच निकडीचं होतं. त्या काळात पुण्यात काय घडलं ते तुम्हाला मी सांगायला नको. प्लेग अधिकारी रँड, झडतीला घराघरांत घुसलेले गोरे सोजीर, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्या. हे सगळं आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो आणि ते योग्यच आहे. त्या झडत्यांचा एक धागा व्हेनिसच्या टेबलापर्यंत पोचतो, हे मात्र त्या धड्यात नसतं.

मला यातून एक मुद्दा मांडायचा आहे, आणि आजच्या भाषणात तो एकच आहे. जागतिक आरोग्य म्हणून जी व्यवस्था आपण ओळखतो तिच्या बुडाशी एक देवघेव आहे. ज्याच्या घरात साथ येईल त्याने वेळेवर खबर द्यायची, आणि त्या बदल्यात त्याला औषध, लस, मदत मिळायची. १८९७ साली या व्यवहाराची एकच बाजू होती: खबर द्या, आणि वर शिक्षाही भोगा. दुसरी बाजू उभी करायला विसावं शतक खर्ची पडलं, आणि ती पुरती उभी राहिली असं आजही म्हणवत नाही.

१९९४ आठवा. आधी बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग, मग सुरत. काही दिवसांत परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली, काही देशांनी भारताचा माल अडवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोनाचा नवा प्रकार, ज्याला पुढे ओमिक्रॉन नाव मिळालं, चटकन ओळखला आणि जगाला कळवला. बक्षीस काय मिळालं? लगोलग प्रवासबंदी. त्या देशाच्या नेत्यांनी उघडच तक्रार केली की प्रामाणिकपणाची आम्हाला शिक्षा होते आहे. त्यांचं चुकत नव्हतं.

या बाबतीत सगळ्यांत रोखठोक वागला तो इंडोनेशिया. २००७ मध्ये त्यांच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने बाहेर पाठवणं थांबवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमची माणसं मरतात, त्यांच्यातला विषाणू आम्ही तुम्हाला फुकट देतो, त्यावरून ऑस्ट्रेलियातली कंपनी लस बनवते, आणि ती लस विकत घ्यायची आमची ऐपत नसते. श्रीमंत देशांनी या बाईंना बेजबाबदार ठरवलं. जगाचा जीव धोक्यात घालून सौदा करतात, असं म्हटलं गेलं. पण सौदा तर आधीपासूनच चालू होता, फक्त एकतर्फी. चार वर्षांनी, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी इन्फ्लुएन्झापुरती एक चौकट मान्य केली: नमुने वापरणाऱ्या कंपन्यांनी काही लस, काही औषध राखून ठेवायचं आणि यंत्रणेच्या खर्चाला पैसे द्यायचे. सुपारीबाईंच्या इतर कितीतरी मतांशी माझं जमत नाही, पण हे श्रेय त्यांचं आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण वर्तमानपत्रांत तेच जास्त येतं.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पदभार घेतला त्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएड या सरकारी मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर केलं. केनेडींच्या काळात, १९६१ मध्ये, सुरू झालेली ती संस्था १ जुलैला संपली. २२ जानेवारी २०२६ ला संघटना सोडण्याच्या नोटिशीची वर्षाची मुदतही पुरी झाली, थकबाकी न भरताच. एकट्या अमेरिकेला बोल लावून भागणार नाही. ब्रिटनने संरक्षणखर्चासाठी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात तोफगोळ्यांना प्राधान्य आलं आहे. फ्रान्स-जर्मनीनेही हात आखडला. परिणाम असा की वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयएचएमई या संस्थेच्या अंदाजानुसार आरोग्यासाठीची जागतिक मदत एका वर्षात २१ टक्क्यांनी घसरून २०२५ मध्ये ३९ अब्ज डॉलरच्या घरात आली. करोनाच्या ऐन काळात, २०२१ मध्ये, ती ८० अब्ज होती. एड्स, क्षय आणि मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाने १८ अब्ज डॉलर मागितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला कबूल झाले ११.३४ अब्ज.

जागतिक आरोग्य संघटनेचा जमाखर्च समजून घ्यायचा तर आपलं गणेशोत्सव मंडळ डोळ्यांपुढे आणा. घरटी वर्गणीतून मांडव उभा राहतो, वीजबिल भरलं जातं. मोठा देणगीदार मात्र अटीसकट येतो: रोषणाईला देतो, कमानीवर नाव पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पन्नात सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा घसरत घसरत पाचव्या हिश्शाच्या खाली गेला होता. बाकी सगळी देणगी, आणि तीही बव्हंशी अमुक रोगासाठी, तमुक प्रदेशासाठी असं बजावून दिलेली. मे २०२५ मध्ये देशांनी वर्गणी २० टक्क्यांनी वाढवायला मान्यता दिली आणि त्याच बैठकीत २०२६-२७ चं अंदाजपत्रक ५.३ अब्जांऐवजी ४.२ अब्ज डॉलरवर आणलं. जगाच्या आरोग्याची राखण करणाऱ्या संस्थेचा हा दोन वर्षांचा खर्च आहे. मुंबई महापालिकेचं एका वर्षाचं अंदाजपत्रक याहून मोठं असतं.

पैसा गेला की दवाखाने बंद होतात, ते दिसतं. लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासाने २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यूंचा अंदाज बांधला आहे; अंदाज कमीजास्त होईल, दिशा चुकणार नाही. पण मला त्याहून जास्त घोर लागला आहे तो खबर देणाऱ्या यंत्रणेचा, कारण ती बंद पडली तर कुणाला दिसतही नाही. गोवर आणि रुबेलाचे नमुने तपासणाऱ्या सातशेहून अधिक प्रयोगशाळांचं जागतिक जाळं जवळपास संपूर्णपणे अमेरिकेच्या पैशावर चालत होतं. कुठल्या देशात किती बाळं दगावतात, किती बायांना बाळंतपणात उपचार मिळतात हे सांगणारी ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ ही पाहण्यांची मालिका १९८४ पासून सुमारे नव्वद देशांत चालू होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा निधी तोडला. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी त्याच घराण्यातली, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून चालवलेली. पुढे आपण आपल्या पैशाने ती करू शकलो म्हणून वाचलो. मलावी किंवा नायजरला ते कसं जमावं?

परदेशी पैसा म्हणजे निव्वळ पुण्यकर्म होतं असं माझं म्हणणं नाही. पुण्याची विषाणू संस्था १९५२ मध्ये आयसीएमआरच्या जोडीला रॉकफेलर फाउंडेशन आल्याने उभी राहिली. उष्ण प्रदेशात कुठकुठले विषाणू आहेत हे फाउंडेशनला जाणून घ्यायचं होतं. त्यांचा स्वार्थ साधला आणि आपली संस्थाही उभी राहिली. स्वार्थाला माझी हरकत नाही; दोन्ही बाजूंचा साधला जावा, एवढंच.

तो दोन्ही बाजूंनी साधला गेला की काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण पुण्याचं आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक आडवा पट्टा आहे. हिवाळ्यात सहाराकडून हार्माटन नावाचा कोरडा, धुळकट वारा सुटतो आणि त्या मोसमात मेंदूज्वराची, मेनिंजायटिसची साथ उठते. १९९६-९७ मध्ये अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार दगावले. जे वाचले त्यांतली कितीतरी मुलं बहिरी झाली. जुनी लस होती, पण तिचा असर थोडा काळ टिकायचा आणि तान्ह्या मुलांत ती चालायची नाही. टिकाऊ लस बनवण्याची विद्या युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांकडे होती; त्यांना या बाजारात रस नव्हता.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरवर पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. त्याचे प्रमुख मार्क लाफोर्स आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटले. त्यांना ऐकायला मिळालं ते असं: ५० सेंटच्या वर किंमत गेली तर तुमची लस आमच्या कामाची नाही. लाफोर्स यांनी ही किंमत आधी धरली आणि मग लस शोधली. एरवी औषधाच्या धंद्यात बरोबर उलटं चालतं. मोठ्या कंपन्यांशी जमेना, तेव्हा काम तुकड्या-तुकड्यांनी जमवलं. जिवाणूचा कच्चा माल सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीचा. तो प्रथिनाशी जोडण्याची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेची. धनुर्वाताचं प्रथिन आणि सगळं उत्पादन हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. माणसांवरच्या चाचण्या माली, गांबिया, सेनेगल आणि भारतात. अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञांनी आपली रीत पुण्याच्या लोकांना शिकवली, ही गोष्ट आज ऐकताना जुन्या जमान्यातली वाटते. मध्ये वीस-बावीस वर्षंच गेली आहेत.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मेनआफ्रिवॅक नावाची ती लस द्यायला सुरुवात झाली. वय १ ते २९, एकच डोस, किंमत ५० सेंटच्या आत. सुमारे दहा दिवसांत १ कोटीहून अधिक लोकांना टोचून झालं. दोन वर्षांनी एक छोटी वाटणारी पण फार मोठी सोय झाली. ही लस शीतपेटीबाहेर, ४० अंशांपर्यंतच्या तापमानात, चार दिवस टिकते असं तपासून मान्य करण्यात आलं. ज्यांनी आपल्याकडे पाडापाड्यांवर लसीकरण केलं आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. शेवटच्या गावांत जायचं तर बर्फाचे पॅक कुठे गोठवायचे, परत कधी यायचं याच हिशेबात नर्सचा निम्मा जीव जातो. तो हिशेबच संपला. ही लस ‘अ’ गटाच्या जिवाणूवरची होती, आणि ती घेतलेल्या देशांत त्याची साथ उरली नाही. २०१७ नंतर त्या पट्ट्यात त्याचा रुग्णच नोंदलेला नाही. तरीही इतर गटांचे जिवाणू शिल्लक होते, म्हणून सीरम आणि पाथ यांनी ब्रिटिश सरकारच्या पैशातून पाच गटांवर चालणारी लस बनवली. मार्च २०२४ मध्ये नायजेरियात ती पहिल्यांदा वापरली गेली. तोच ब्रिटिश पैसा आता आटतो आहे.

एड्सची कथा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा बाजारभाव १० हजार डॉलरच्या वर होता. त्या वेळचा आपला पेटंट कायदा हे करू देत होता. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी पेपफार हा एड्सविरोधी मदत कार्यक्रम काढला. सुरुवातीला त्यात ब्रँडचीच औषधं घेतली जात. पुढे भारतीय जेनेरिक गोळ्यांना वाट मिळाली आणि पैशाची ताकद कितीतरी पट वाढली. अमेरिकन करदात्याचा डॉलर, भारतातली गोळी आणि आफ्रिकेतली नर्स, या तिघांनी मिळून अडीच कोटींहून अधिक जीव वाचवले. यातलं एक जरी निघालं तरी बाकीची दोन पांगळी होतात. लेनाकॅपाविर हे वर्षातून दोनदा टोचायचं एचआयव्ही-प्रतिबंधक औषध अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर पडतं. २०२७ पासून हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या ते वर्षाला ४० डॉलरमध्ये देणार आहेत. विज्ञान थांबलेलं नाही, भाव उतरायचा थांबलेला नाही. टोचायला जी नर्स हवी, तपासणीला यायला पटवणारी जी समुपदेशक हवी, तिची नोकरी मात्र २०२५ मध्ये गेली.

आता आपल्या अंगणातलं बोलतो, आणि हे जरा टोचेल.

जानेवारी २०२१ मध्ये आपण शेजाऱ्यांना लस पाठवायला लागलो, विमानतळांवरचे फोटो आपण अभिमानाने पाहिले. कोव्हॅक्स या जागतिक योजनेची भिस्त प्रामुख्याने पुण्यावर होती. मार्चअखेर दुसरी लाट आली आणि साडेसहा कोटींच्या आसपास डोस बाहेर गेल्यावर आपण निर्यात थांबवली. कोव्हॅक्सला पुण्याहून पुन्हा माल मिळायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या सात-आठ महिन्यांत आफ्रिकेतल्या अनेक देशांत डॉक्टर-नर्सनाही डोस नव्हते. पुण्या-नाशकात ऑक्सिजनसाठी माणसं रात्र-रात्र वणवण करत होती, तेव्हा कुठलं सरकार लस बाहेर जाऊ देईल? मीही तेव्हा निर्यातबंदीच्याच बाजूने बोललो असतो. अमेरिकेनेही कच्चा माल अडवला होता. सीरमच्या प्रमुखांनी बायडेन यांना उद्देशून जाहीर विनंती केली होती. सगळेच आपापली दारं लावून बसले होते. पण नैरोबीत किंवा अक्राला बसलेल्या माणसाने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतलाच: दुसऱ्याच्या कारखान्यावर विसंबून राहू नका. आफ्रिका आपल्याला लागणाऱ्या लसींपैकी ९९ टक्के बाहेरून आणते आणि २०४० पर्यंत ६० टक्के खंडातच बनवायच्या असं आफ्रिकी देशांनी ठरवलं आहे. आपल्या कंपन्यांना हे ग्राहक कायमचे आपलेच वाटत असतील तर त्यांनी एकदा अक्राला जाऊन यावं. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये घानाचे अध्यक्ष महामा यांनी बोलावलेल्या परिषदेचा विषयच आरोग्यातलं सार्वभौमत्व हा होता. अर्थात २००१ मध्ये याच देशांनी अबुजात सरकारी खर्चाचा १५ टक्के वाटा आरोग्याला द्यायची शपथ घेतली होती आणि ती बहुतेकांनी पाळली नाही, हेही त्यांचेच लोक बोलून दाखवतात. अमेरिकेचा नळ बंद झाल्यावर नायजेरियाने काही आठवड्यांत २० कोटी डॉलर स्वतःच्या तिजोरीतून काढले. म्हणजे तिजोरी अगदीच रिकामी नव्हती.

अमेरिका मात्र पुरती गेलेली नाही, आणि इथे खरी मेख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने नवं धोरण आणलं: संस्थांच्या मार्फत नाही, एकेका देशाशी थेट करार. डिसेंबरमध्ये पहिला करार केनियाशी झाला, पाच वर्षांत १.६ अब्ज डॉलर. थेट सरकारला पैसा देणं, हळूहळू त्या सरकारचा वाटा वाढवणं, यात मला काही वावगं दिसत नाही. मधल्या सल्लागार कंपन्यांनी आजवर पुष्कळ लोणी खाल्लं. पण या करारांत आरोग्याची माहिती आणि रोगजंतूंचे नमुने अमेरिकेला देण्याची कलमं येतात. केनियात नागरिक आणि ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि उच्च न्यायालयाने माहिती देण्याच्या भागाला तात्पुरती स्थगिती दिली. खबर एकाच देशाला द्यायची, बदल्यात रोख रक्कम घ्यायची, आणि त्या खबरीवरून उद्या लस बनली तर ती कुणाला, हे करारात नाही. सुपारीबाई ज्यावर भांडल्या होत्या तेच मागच्या दाराने परत आलं. दुसरीकडे चीनने पाच वर्षांत ५० कोटी डॉलर जागतिक आरोग्य संघटनेला देऊ केले आहेत. पण वुहानच्या सुरुवातीच्या दिवसांतली माहिती त्याने आजही पुरती दिलेली नाही. त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याने घेतली की काम भागलं, असं मानायला मी तयार नाही.

मग आपण काय करायचं? एक काम घरातलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या खर्चासकट, तो १.८४ टक्के होता. २०२४ मध्ये क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा आपल्या राज्यातही पडला आणि रुग्णांना बाहेरून गोळ्या आणायला सांगितलं गेलं. जगाला गोळ्या पुरवणाऱ्या देशातली ही गोष्ट. तिथे कुणा परदेशी देणगीदाराने हात काढून घेतला नव्हता.

दुसरं काम जिनिव्हातलं. मे २०२५ मध्ये सदस्य देशांनी महासाथीचा करार मंजूर केला. समितीतल्या मतदानात १२४ बाजूने, विरोधात कुणी नाही, ११ तटस्थ. त्यात इन्फ्लुएन्झापलीकडच्या साथींसाठी प्रथमच ती देवघेव कागदावर आली आहे: देशांनी रोगजंतूची माहिती लगेच द्यायची, आणि सहभागी कंपन्यांनी महासाथीच्या काळात लस-औषधांच्या उत्पादनाचा २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचा, त्यातला किमान निम्मा, म्हणजे उत्पादनाच्या १० टक्के, फुकट. तपशील मात्र जोडपत्रावर ढकलला, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. या टेबलावर भारत दोन्ही बाजूंना बसलेला आहे. आपल्याकडे साथी येतात, म्हणून आपण खबर देणारे. आपल्याकडे कारखाने आहेत, म्हणून आपण लस देणारेही. असं दुहेरी अंग असलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे आपल्या प्रतिनिधींनी नमुन्यांच्या बदल्यात लस मागताना आपल्याच कारखान्यातून काय, किती आणि कधी बाहेर जाईल हेही लिहून दिलं पाहिजे. आपल्यावर लाट असताना उत्पादनाचा कितवा हिस्सा तरीही निघेल, त्यावर सही कुणाची, अडवला तर कुणाला जाब द्यायचा, हे सगळं साथ नसताना ठरवायचं आहे आणि संसदेत उघडपणे ठरवायचं आहे. साथ दारात आल्यावर ठरवायला बसलो तर २०२१ चाच निर्यातबंदीचा निर्णय पुन्हा होईल, मग दिल्लीत सत्ता कुणाचीही असो.